साहेबाच्या वाटणीचं पाणी

खाडीवर कविता करणाऱ्या माणसांची मला शिसारी येते. लाँचमधून येतात, उतरण्याआधीच नाकाला रुमाल लावतात. एक बोट चिखलात बुडवून वर धरतात, त्यावरचं काळं तेल फोटोत नीट दिसतंय ना ते बघतात, मग कागदाने बोट पुसतात आणि तो कागद आमच्याच पाण्यात टाकतात. पुढच्या वर्षी पुस्तक येतं. त्यात आम्ही पानोपानी रडत असतो. आम्ही शिव्या देतो त्या कुणी लिहीत नाही.

बिनाएबी तर अशा शिव्या द्यायची की तिवरावरचे बगळे उडावेत. माझी शेजारीण, माझ्याहून थोडी मोठी, हाडापेराने दणकट. तिचं काम मर्तिकाची गाणी म्हणायचं. आमच्याकडे कुणी गेलं की बायका अंगणात बसतात, एक पुढे गाते, बाकीच्या मागून ओढतात. पुढे गाणारी बिनाएबी, मागून ओढणाऱ्यांत मी. पोटासाठी ती कालवं काढायची आणि मी मासे धुरीवर धरून विकायचे. आता खाडीत मासा उरला नाही, म्हणून मी शहरातून बर्फातला परदेशी मासा आणते आणि त्याला आमच्या तिवराच्या लाकडाचा धूर देते. गिऱ्हाईक विचारतं, "आलाएरे काकी, मासा खाडीचाच ना?" मी म्हणते, "धूर खाडीचा आहे. घ्यायचा तर घे."

मर्तिकाचं गाणं म्हणजे नुसती रडारड नव्हे. गेलेल्याचा जन्म, त्याची होडी, त्याच्या खोड्या, त्याने कुणाची जाळी फाडली, सगळं त्यात येतं. आणि शेवटी पुढे गाणारी सांगते की याला कुणी नेलं. म्हातारपणाने नेलं, तापाने नेलं, बाळंतपणाने नेलं. माणसाने नेलं असेल तर त्या माणसाचं नाव, त्याच्या तोंडावर. मग त्याने उठून उत्तर द्यायचं. एक तर 'हो, मी नेलं' म्हणून मयताच्या घराचं भरून द्यायचं, नाहीतर ज्या जागी तो मेला तिथलं पाणी सगळ्यांसमोर प्यायचं. खोटेपणाने प्यालेला वर्ष काढत नाही, असं आम्ही मानतो. वर्ष काढलं तर तो सुटला.

गावातल्या किती मर्तिकांना बिनाएबी गायली, त्याला मोजमाप नाही. नवऱ्यासाठी मात्र तिला गाता आलं नाही. सगळं रामायण तिथून सुरू झालं.

त्या साली खाडीतून तेल नेणाऱ्या कंपनीच्या जुन्या नळाला भोक पडलं होतं. "गोरा गेला तेव्हा झेंडा गुंडाळून घेऊन गेला, नळ मात्र आपल्याकडे ठेवून गेला," असं तिचा नवरा अकपोएबी म्हणायचा. हसरा माणूस, घरात एक पैसा टिकू द्यायचा नाही, पण जाळं फेकायला उभा राहिला की बघत राहावं. तेल खाडीभर पसरलं. गारी, आमचा कसाव्याचा रवा, भिजवली तर तिला रॉकेलची चव, अंघोळ केली तर अंगाला खाज. कंपनीकडे निरोप गेले. गावप्रमुख झुओकुमो रोज सांगायचा, "माणसं निघालीत." कुठून निघाली होती देव जाणे, पोहोचली नाहीत. घरात बसून किती दिवस निघणार? अकपोएबी होडी घेऊन वरच्या अंगाला गेला, तिकडे पाणी बरं आहे म्हणून. लांब जाणारे सगळे कोळी होडीतच चूल ठेवतात. त्याने चूल पेटवली आणि पाणीच पेटलं.

पेटलेलं पाणी मी पाहिलंय. त्याबद्दल मी सुंदर काही सांगणार नाही. जन्मभर धुरीवर काम केलेली बाई मी, पण त्यानंतर कित्येक दिवस मला माझ्याच धंद्याच्या वासाने ओकारी यायची.

तेव्हा मात्र कंपनीची माणसं आली. बूट घालून आली, मास्क लावून आली, आणि सांगून गेली की हा माणूस नळ फोडून तेल चोरत होता. चोराच्या उलट्या बोंबा. झुओकुमोने मान हलवली. "आपल्याच चुलीने जळला," तो म्हणाला. "वाईट मरण आहे. वाईट रानात जाईल."

वाईट रान म्हणजे गावामागची दलदल. बुडालेले, पोट फुगून मेलेले, गळफास घेतलेले तिकडे टाकतात. त्यांना अंघोळ नाही, गाणं नाही. आणि घरोघरी वाडवडलांच्या नावाने जमिनीवर दारू ओततात तेव्हा त्यांचं नाव कुणी घ्यायचं नाही. जणू तो माणूस जन्मलाच नव्हता. इकडे थोड्याच दिवसांत झुओकुमोच्या धक्क्याला नवी स्पीडबोट लागली. मी काही म्हणत नाही. आपली आपण पोहत आली असेल.

बिनाएबी त्याच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली, मी तिच्या मागे.

"मला गायचंय," ती म्हणाली.

"गा की. पण शेवटी नाव घ्यायचं नाही."

"नाव न घेता गाऊ? जेवायला बसवायचं आणि ताट उचलून न्यायचं?"

"कंपनीशी आपला कागद झालाय, बिनाएबी. यापुढे कुणी मागणं करायचं नाही. तू नाव घेतलंस तर सगळ्या गावाच्या पोटावर पाय येईल. मला तुला गावातून उठवावं लागेल."

"सगळ्या गावाच्या पोटावर की तुझ्या?" तिने त्याच्या सुटलेल्या पोटाकडे बघत विचारलं. "बरं, नाही गात. पण एक ध्यानात ठेव. तू मरशील ना, तेव्हाही मी गाणार नाही."

झुओकुमोचा चेहरा पडला. आमच्या गावात ही धमकी थोडीथोडकी नाही. मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणाऱ्यालासुद्धा आपलं मरण चांगलं व्हायला हवं असतं.

तिला काय हवं होतं? कंपनीचा पैसा नको होता, घर नको होतं. अकपोएबीला रानातून उचलून आपल्या अंगणात पुरायचं आणि दारू ओतताना त्याचं नाव घ्यायचं, एवढंच. त्यासाठी मारणाऱ्याचं नाव त्याच्या तोंडावर घ्यायला हवं होतं, आणि मारणारा तर तोंडच दाखवत नव्हता.

आता मुलाकडे येते. तिमीपा, एकुलता एक. लहानपणी चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या पकडायचा, आणि हात न धुता जेवायला बसतो म्हणून आईच्या हातचा मार खायचा. पुढे पोर्ट हारकोर्टला शिकला, तिथेच कॉलेजात साहित्य शिकवायला लागला. आता चिखल दिसला की तो त्याला वसाहतवादाची जखम म्हणतो. पोरगा वाईट नाही. बाप गेला तेव्हा तो ढसाढसा रडला, ते मी पाहिलंय. रडता रडता मधेच थांबून काहीतरी टिपून घेतलं, तेही पाहिलंय.

त्याचं खाडीवरचं पुस्तक आलं, गाजलं. आणि मग ते संमेलन निघालं. साहित्य आणि पर्यावरण. आफ्रिकेतले नावाजलेले लेखक येणार, झाडं, नद्या, माती यांवर बोलणार, आणि सगळा खर्च कोण करणार? कंपनी. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, तिमीपा थट्टा करतोय. त्याने थट्टा केली नव्हती. त्याचं पुस्तक बक्षिसाच्या यादीतही होतं.

तो घरी आला तो एका बाईला घेऊन. राजधानीतली, संमेलन भरवणारी, गळ्यात लाकडी मण्यांच्या माळा. बिनाएबी कालवं फोडत बसली होती. मरतुकडी कालवं, दहा फोडावीत तेव्हा एक खायच्या लायकीचं निघायचं.

"आई, तू मंचावर मर्तिकाचं गाणं म्हणावंस अशी यांची इच्छा आहे," तिमीपा म्हणाला. "खाडीचं मर्तिक."

"मी तमाशातली बाई नाही," बिनाएबी म्हणाली. "आणि खाडीचं कसलं मर्तिक? तुझ्या बापाचं आधी होऊ दे."

"मग बाबांचं म्हण. कंपनीचा मोठा साहेब येणार आहे. पहिल्या रांगेत बसेल."

तिचा कोयता थांबला. "तोंडासमोर?"

"अगदी तोंडासमोर."

"आणि मी नाव घेतलं तर?"

तिमीपा जरा चाचरला, पण ती माळावाली पुढे झाली. "नाव तर घ्यायलाच हवं, मावशी. तोच तर सगळ्याचा गाभा आहे. आम्ही साहेबांना सांगून ठेवलंय. त्यांची काही हरकत नाही."

इथे बिनाएबी फसली. आमच्यात मर्तिकाच्या गाण्याला स्वतः बोलावून समोर बसणाऱ्याने उत्तर द्यायचं कबूल केलं, असाच अर्थ होतो. दुसरा अर्थ आम्हाला माहीत नाही. ती बया निघून गेल्यावर बिनाएबी मला म्हणाली, "आलाएरे, तो येतोय गं. अखेर त्याला लाज वाटली." तिचे डोळे भरून आले होते. मला तेव्हाच काहीतरी कुजकं लागलं, पण तिच्या तोंडाकडे बघून मी मान डोलावली.

तिने जिथे होडी जळली तिथलं पाणी बाटलीत भरून घेतलं. वर बोटभर तवंग, खाली गढूळ. मी बाटली कापडात बांधली, कारण वासाने बोटीतली माणसं कुरकुरायला लागली होती.

त्या हॉटेलात शिरल्यावर मला पहिल्यांदा थंडी वाजली आणि मग संताप आला. भिंतीवर हिरव्यागार पानांचं चित्र, पानाखाली कंपनीची खूण. टेबलावर प्रत्येकापुढे सीलबंद पाणी. मंचावर चौघे बसून बोलत होते. एकजण म्हणाला की लेखकाने नदीला आवाज द्यायला हवा. मी बिनाएबीला विचारलं, "नदीला काय द्यायचं म्हणतोय?"

"आवाज."

"त्यापेक्षा नळाला बूच द्या म्हणावं."

दुसरा म्हणाला की मातीची भाषा आपण विसरलो. हे म्हणताना बुटाला लागलेली माती तो रुमालाने पुसत होता. त्यांच्यात एक म्हातारी लेखिका होती, पूर्वेकडच्या देशातली, काठी घेऊन चालणारी. तिने सरळ विचारलं, "आपण इथे कुणाच्या पैशाने जेवतोय, हे कुणी बोलणार आहे का?" मला वाटलं, आता पळापळ होईल. कसलं काय. सगळ्यांनी तिला कडाडून टाळ्या दिल्या आणि जेवायला उठले. म्हातारी एकटीच बसून राहिली. नंतर तीही जेवली, भूक कुणाला चुकलीय?

जेवणात 'खाडीचं खास कालवण' होतं. मी मासा बोटाने दाबून पाहिला. माझ्याच व्यापाऱ्याकडचा, बर्फातला. बिनाएबीने काही खाल्लं नाही, गाण्याआधी खात नाहीत.

मग तिला मंचावर नेलं. दिवे मंद केले, मागे पडद्यावर जळत्या खाडीचं चित्र लावलं. चित्र बघून ती क्षणभर डगमगली. मी तिच्या मागे बसले, आणखी दोघी गावच्या होत्या. ती गायला लागली आणि मी सगळं विसरले. तिने अकपोएबीला त्याच्या आईच्या पोटातून काढलं, होडीत बसवलं, तो पत्त्यांत हरायचा ते सांगितलं, लग्नात त्याने दुसऱ्याची टोपी घातली होती ते सांगितलं. एवढी वर्षं तिने ते गाणं छातीत दाबून ठेवलं होतं. 

शेवटाला ती मंचाच्या कडेवर आली. समोर साहेब. गोरा नव्हता हो, आपल्यासारखाच काळा, शेजारच्या राज्यातला, पांढरा झगा, हातात पोवळ्यांची माळ. तिने त्याचं नाव घेतलं, त्याच्या कंपनीचं नाव घेतलं, "तू नेलंस," म्हणाली, आणि बाटली पुढे केली.

आमच्याकडे या क्षणी माशी हलत नाही.

तिथे लोक उभे राहिले. टाळ्या, शिट्ट्या. एक बाई डोळे पुसत होती आणि दुसऱ्या हाताने फोन धरून होती. आणि साहेब, तोही उठला, छातीवर हात ठेवला, मान लववली आणि टाळ्या वाजवायला लागला. ज्याला 'तू मारलंस' म्हटलं तो टाळ्या वाजवत होता. मी थुंकायला जागा शोधत होते, पण सगळीकडे गालिचा.

बिनाएबी बाटली धरून तशीच उभी. "उत्तर दे," ती म्हणाली. "पी, नाहीतर हो म्हण." साहेब हसत हसत इकडे तिकडे बघायला लागला. त्याचा एक माणूस पुढे सरकला. टाळ्या विरत चालल्या, लोकांना कळेना की आता कार्यक्रम संपला की कसं. ती माळावाली तिमीपाकडे बघायला लागली.

आणि तिमीपा उडी मारून मंचावर आला. आईच्या हातातली बाटली घेतली, माईक घेतला. "दोष एका माणसाचा नाही," तो म्हणाला. "आपण सगळेच दोषी आहोत. साहेबांच्या वतीने, आपल्या सगळ्यांच्या वतीने हे पाणी मी पितो."

"तिमीपा, सोड ती बाटली," बिनाएबी ओरडली. ते त्या टाळ्यांत कुणाला ऐकू जाणार? ती धावली, मी धावले. तोवर त्याने घोट घेतले होते, एक नाही, दोन-तीन, हनुवटीवर तेल ओघळलं. लोक वेडे झाले होते. साहेबाने वर येऊन त्याला मिठी मारली, अंगाला तेल लागणार नाही अशी बेताची.

मागच्या बाजूला संडासात तो ओकत होता. बिनाएबी त्याचं डोकं धरून, घशात बोटं घालून, "काढ, सगळं काढ," म्हणत होती. तो धापा टाकत म्हणाला, "आई, कसं झालं?"

"मेल्या, बापाला मारणाऱ्याच्या जागी तू प्यालास."

"अगं, ते प्रतीक होतं."

"पाणी प्यालास ना? घशाखाली गेलं ना?"

"आई, तो पिणारच नव्हता. सगळा विचका झाला असता. मी सावरलं."

सावरलं म्हणे. त्या दिवशी बक्षीसही त्यालाच मिळालं.

आम्ही गावात पोहोचायच्या आधी व्हिडिओ पोहोचला होता. झुओकुमोने मंडळी बोलावली. ज्या रीतीला त्याने इतकी वर्षं दाबून ठेवलं होतं ती त्याला एकाएकी प्यारी झाली. खुर्चीत रेलून तो म्हणाला, "गाणं झालं. नाव घेतलं. उत्तरही मिळालं. पाणी कुणीही पिऊ शकतो, वतीने पिणं आपल्या बापजाद्यांपासून चालत आलंय. पोराने वर्ष काढलं नाही, तर कंपनी दोषी, अकपोएबीला आपण वाजतगाजत घरी आणू. वर्ष काढलं, तर ज्याच्या वतीने प्याला तो निर्दोष. मग अकपोएबी आपल्या मरणाने मेला, तो रानातच राहील, आणि हा विषय पुन्हा कुणी काढायचा नाही."

बिनाएबी जमिनीवर बसली. मला त्या हरामखोराचं तोंड खेटराने फोडावंसं वाटलं, पण रीत तो खरी सांगत होता, हेच तर घशात अडकलं. नवरा घरी यायचा तर पोरगा मरायला हवा. पोरगा जगला तर नवरा कायमचा गेला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

ते वर्ष तिने कसं काढलं ते मी जवळून पाहिलं. रोज तिमीपाला फोन. "खोकला आहे का? शौचाला नीट होतं का?" तो वैतागायचा. तो या सगळ्याला हसायचा. त्याच्या लेखी ते नाटक होतं आणि छान वठलं होतं. परदेशांतून बोलावणी येत होती, 'विषप्राशन करणारा कवी' म्हणून.

पावसाळ्याच्या अखेरीला तो आजारी पडला. टायफॉइड, इस्पितळात नेलं. आणि माझ्या गावाची मला जी किळस आली ती कंपनीचीही कधी आली नव्हती. ज्यांनी बिनाएबीच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं ते यायला लागले. "काय गं, पोरगा कसा आहे? फार आहे का?" तोंडावर काळजी आणि डोळ्यांत चमक. पोरगा मेला की कंपनी दोषी, आणि कंपनी दोषी की प्रत्येक घराला मागणं करता येईल. एकीने तर मला कानात विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात, वर्ष भरेल?" मी तिला धुरीचं जळतं लाकूड उगारून हाकलली.

बिनाएबी पहिल्या बोटीने शहराला गेली. उशाशी बसली, मिरीचं कढत सार चमच्याने भरवलं, अंग पुसलं, घाण काढली, नर्सशी भांडली. मी भेटायला गेले तेव्हा तो डोळे उघडून बघत होता. ती चमचा धरून म्हणाली, "आलाएरे, याच्या तोंडात एकेक चमचा घालते ना, तेव्हा तिकडे रानात याच्या बापाला अजून खोल गाडते." आणि पुढचा चमचा घातला.

तो बरा झाला. वर्ष भरलं.

वर्ष काढलेल्याला पांढरी माती लावून मोकळा करतात. ज्या घरचं माणूस गेलं त्या घरच्या बाईने आपल्या हाताने लावायची, कपाळाला, दंडांना. तिने लावली की शपथ उतरली. नाही लावली तर शपथ मानेवर बसून राहते, आज ना उद्या मान मोडते. कार्यक्रमासाठी कंपनीने तांदळाच्या गोणी धाडल्या, सगळ्या बायकांना एकसारखं कापड धाडलं. संस्कृती जतन करतात म्हणे. आणि आमच्या बायांनी ते कापड शिवून अंगावर घातलं. मी माझं चुलीत घातलं.

सकाळी मी बिनाएबीच्या घरी गेले. "लावू नकोस," मी म्हटलं. "ऐक माझं. तो तर मानतच नाही या सगळ्याला, मग त्याचं काय बिघडणार आहे? माती लावू नकोस, म्हणजे प्रकरण उघडं राहील. पुढेमागे अकपोएबीला आणता येईल."

"तो मानत नाही," ती म्हणाली. "मी मानते ना."

एवढं बोलून ती उठली आणि माती कालवायला बसली.

तिमीपा फोटो काढणाऱ्यांना घेऊन आला होता, चांगला भरला होता अंगाने. अंगणात स्टुलावर बसला. बिनाएबीने वाटीत बोटं बुडवली. हात त्याच्या कपाळाजवळ गेला आणि तिथेच राहिला. बायका गायच्या थांबल्या. झुओकुमो खुर्चीत पुढे वाकला.

"आई, इकडे कॅमेऱ्याकडे बघ जरा," तिमीपा हळूच म्हणाला.

तिने त्याच्याकडेच बघितलं. मग कपाळाला माती लावली, नीट, भुवईपासून भुवईपर्यंत, मग दोन्ही दंडांना. झुओकुमोने दारूची बाटली उघडली, वाडवडलांची नावं घेत जमिनीवर ओतत गेला. अकपोएबीच्या बापाचं नाव घेतलं, त्याच्या भावाचं घेतलं, आणि बाटलीला बूच लावलं.

ज्याच्यासाठी हे सगळं झालं तो साहेब तेव्हा निवृत्त होऊन लेकीकडे लंडनला गेला होता, असं तिमीपानेच सांगितलं. त्याच्यावर खटला चालला हे त्याला ठाऊक नाही, आणि तो निर्दोष सुटला हेही नाही.

लोक भातावर तुटून पडले. बिनाएबी माजघरात येऊन भिंतीला टेकली. मी तिच्याजवळ बसले. बाहेरून तिमीपा ओरडला, "आई, जेवायला ये ना, सगळे थांबलेत."

"आले," ती म्हणाली. मग माझा हात धरला. "त्याला रानात मी टाकलं गं, आलाएरे. कंपनीने नाही, मी टाकलं."  तिने डोळे पुसले आणि मुलाला वाढायला गेली.